आबांच्या पलटणीच्या मागावर: बेळगाव, क्यू आणि सांग्रो

ज्यांचे आजोबा-पणजोबा दुसऱ्या लामात (म्हणजे दुसऱ्या महायुद्धात) होते आणि आता कुणीतरी नातवंड उठून त्यांची माहिती काढायच्या मागे लागलंय अशांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. परदेशातल्या आर्काइव्हमध्ये पलटण सापडते, माणूस सापडत नाही. ब्रिटिश सोल्जरांचे कागद तिकडे आहेत, इंडियन आर्मीतल्या साहेब लोकांच्या सर्व्हिस फाइली ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण आपल्या साध्या शिपायाचं शीट रोल, म्हणजे नोकरीच्या नोंदीचा कागद, मात्र इथेच, त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. त्यामुळे लंडनचं तिकीट काढायच्या आधी बेळगावची बस पकडा (म्हणजे तुमचा माणूस मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर, महार रेजिमेंटवाल्यांना मध्य प्रदेशात सागरला लिहावं लागेल).

आमचे आबा पाटण तालुक्यातले. पलटणीतून १९४६ ला घरी आले, पेन्शन नाही कारण तेवढी नोकरीच भरली नाही, लढाईपुरती भरती आणि लढाई संपली की घरी, असं हजारोंचं झालं. म्हणून पेन्शनचे कागद शोधायला जाऊ नका, बहुतेकांचे नसतातच. आबा लढाईबद्दल फार बोलायचे नाहीत, पण दोन गोष्टी नेहमी सांगायचे. एक, सायबानं नदीवर पलीकडच्या बाजूनं उलटा पूल बांधला. आणि दुसरी, आम्ही एका वाड्यात बायकांची मोठमोठी चित्रं राखत बसलो होतो. दुसरी ऐकली की आजी तिथल्या तिथे म्हणायची, "चित्रं राखाया गेलावता व्हय लढाईला?" आणि सगळे हसायचे.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. डिस्चार्जचा कागद मिळाला तर अर्धं काम झालं कारण त्यावर आर्मी नंबर असतो, आणि नंबर असला की नावाच्या स्पेलिंगवरून डोकं फुटत नाही. कागद नसेल तर मेडलं बघा, मेडलं मोडीत गेली असतील तर नुसती रिबीन राहिलेली असते तीही चालते. लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल रिबीन म्हणजे इटली स्टार. मधे रुंद लाल, दोन्ही कडांना निळा आणि निळ्यात नारिंगी रेघ असेल तर बर्मा स्टार. यावरून निदान कुठल्या दिशेला शोधायचं ते कळतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा, महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारची मदत सुरू झाली तेव्हा ज्यांनी अर्ज केले त्यांचे कागद तिथे असू शकतात. आजीचा अर्ज तिथेच मिळाला आणि त्याला डिस्चार्ज सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडलेली होती, जी घरात कुणालाच माहीत नव्हती!

बेळगावला आधी पत्र पाठवा, थेट जाऊन उभं राहू नका. पत्रात नंबर, नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं अंदाजे साल, आणि तुमचं नातं काय ते पुराव्यासकट. गावाचा जिल्हा त्या वेळचा लिहा, आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा, आजचा सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यात किंवा संस्थानांत होता. उत्तराला वेळ लागतो, मधे एकदा आठवण करून द्यावी लागते. मिलिटरी एरिया आहे त्यामुळे म्युझियम बघायचं असेल तर परवानगी आधी विचारून ठेवा, गेटवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही, आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

आम्हाला जो उतारा मिळाला त्यात आबांची उंची, छातीचं माप, डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवर व्रण असं लिहिलेलं होतं. आत्याला वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "अरे ते बैलानं मारलेलं, मिशीपण फुटली नव्हती तेव्हा त्यांना." वारस म्हणून आजीचं नाव नव्हतं, पणजीचं होतं, लग्न नंतर झालं ना. आणि सगळ्यात कामाची ओळ म्हणजे बटालियन, १/५, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली. ही ओळ मिळाल्याशिवाय पुढे जाऊच नका कारण एकाच रेजिमेंटच्या पलटणी वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली, तिसरी इरिट्रियात केरेनला लढून नंतर इटलीत आली (व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे तिसरीतले), आणि पहिली आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इराक वगैरे करून सप्टेंबर १९४३ ला इटलीत उतरली. चुकीच्या पलटणीची फाइल वाचली तर दुसऱ्याच कुणाच्या आजोबांची लढाई वाचून याल.

आता क्यू, म्हणजे ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्हज. लंडनच्या पश्चिमेला आहे, क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरायचं, तिथून चालत दहा मिनिटं. माझी चुलतबहीण हाऊन्स्लोला राहते म्हणून मला परवडलं, फक्त याच्यासाठी व्हिसा काढून जा असं मी कुणाला सांगणार नाही. घरबसल्याही नॅशनल आर्काइव्हजकडून पैसे भरून कॉपी मागवता येतात, आधी ते पानं मोजून अंदाज देतात. पण जाणार असालच तर रविवार-सोमवार बंद असतं हे ध्यानात ठेवून दिवस ठरवा. रीडर्स तिकीट फुकट आहे, ऑनलाइन नाव नोंदवून जायचं, तिथे पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा दाखवायचा, दोन्ही ओरिजनल. पत्त्यासाठी काय चालतं त्याची यादी त्यांच्या साइटवर असते, ती वाचूनच बॅग भरा, मोबाइलवर पीडीएफ दाखवून जमेल या भरवशावर जाऊ नका.

आत पेन चालत नाही, पेन्सिलच, खोडरबरही नाही. पाणी, बिस्किटं, कोट, बॅग सगळं खाली लॉकरमध्ये, आणि लागणाऱ्या वस्तू पारदर्शक पिशवीत. फाइल आधीच ऑर्डर करून ठेवली तर गेल्या गेल्या हातात, नाहीतर तासभर कॅन्टीन. तुमच्या सीटचा जो नंबर त्याच नंबरच्या कप्प्यात फाइल येऊन पडते. मोबाइलनं फोटो काढायला पैसे लागत नाहीत, फक्त फ्लॅश बंद. मी तर सांगेन की तिथे वाचत बसू नका, पहिल्यांदा फाइलच्या नंबराचा फोटो आणि मग एकेक पान पटापट काढत सुटा, वाचायचं घरी येऊन. मी पहिल्या सकाळी वाचत बसलो आणि उठलो तेव्हा बाहेर उजेड कमी झाला होता, इतकं गुंतायला होतं.

शोधायचं काय तर वॉर डायरी, म्हणजे पलटणीची लढाईतली रोजची नोंदवही. त्यांच्या फाइलींचे गट डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) आणि आकडा असे आहेत. डब्ल्यूओ १६९ म्हणजे मिडल ईस्ट, आणि डब्ल्यूओ १७० म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन, इटली. १९४३ ची इटलीतली डायरीसुद्धा १६९ मध्ये निघू शकते म्हणून दोन्हीकडे बघा. बर्मावाल्यांनी १७२ बघायचं. कॅटलॉगमध्ये मराठाचं स्पेलिंग जुनं आहे, पहिल्या ए नंतर एक जास्तीचा एच आणि पुढे डबल टी, आपलं आजचं स्पेलिंग टाकलंत तर काहीच येणार नाही आणि तुम्ही नाही म्हणून परत याल.

डायरी दिसायला अगदी साधी. छापील फॉर्म, त्यावर जागा, तारीख-वेळ, घडामोडी, आणि शेवटच्या रकान्यात जोडपत्रांचा उल्लेख. टाइप केलेली पातळ पानं, काही इतकी फिकट की तिरकं धरून वाचावी लागतात. महिना उघडला की आधी हवामान, मग कुठली कंपनी कुठे गेली, गस्त कुठे घातली, रात्री किती गोळे पडले. साहेबांची नावं येतात, कोण रजेवर गेला कोण जॉइन झाला हेही येतं, सुभेदार-जमादारांची कधीकधी येतात. शिपाई म्हणजे आयओआर, इंडियन अदर रँक्स. दोन आयओआर जखमी, की संपलं. कुठले दोन? आबा त्यातले एक होते का? कळायला मार्ग नाही. आबांचं नाव अख्ख्या फाइलीत कुठेच नाही, आणि ते नसणारच होतं, तरी मनुष्य आशेनं प्रत्येक पान उलटतोच.

एक अपवाद आहे. तुमच्या माणसाला शौर्यपदक मिळालं असेल तर डब्ल्यूओ ३७३ मध्ये नावासकट प्रसंग लिहिलेला सापडतो, ते ऑनलाइनही आहे. आबांच्याच पलटणीतले नामदेव जाधव, संगमनेरकडच्या निमजचे, ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना उचलून आणलं आणि मशिनगनची ठाणी एकट्यानं गप्प केली, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेही शिपाईच होते.

पलटणीची डायरी त्रोटक वाटली तर एक पायरी वर चढा, ब्रिगेडची (आमच्या केसमध्ये २१ वी) आणि डिव्हिजनची डायरी मागवा, आणि शेजारच्या सॅपर्सची, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीची पण. कारण आबांचा उलटा पूल पलटणीच्या नाही, सॅपर्सच्या गोष्टीत आहे. डिसेंबर १९४३, इटलीतली मोरो नदी. आपल्या बाजूचा रस्ता नदीशी इतका अवघड वळण घेत होता की बेली ब्रिज (सुटे लोखंडी भाग जोडून उभा करायचा पूल) जुळवायला जागाच नव्हती, म्हणून बेंगॉल सॅपर्सनी सगळं सामान पलीकडे, म्हणजे जर्मनांच्या बाजूला नेलं आणि तिकडून अलीकडे पूल बांधत आणला. त्याला नावच पडलं इम्पॉसिबल ब्रिज. आणि त्या पुलावरून जी ब्रिगेड पार गेली ती २१ वी! आत्याला फोन लावून सांगितलं तर ती म्हणते, आबा खोटं कशाला बोलतील. बरोबर आहे, पण आम्ही पोरं कुठे मानत होतो.

ब्रिटिश लायब्ररी सेंट पँक्रासला आहे, तिथेही पास फुकट. तिथे लष्करी सेन्सॉरचे रिपोर्ट आहेत, फाइल नंबर एल/पीजे/१२/६५४ पासून पुढे. शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचे आणि त्यातले उतारे इंग्रजी करून दर पंधरवड्याला साहेबांना पाठवायचे. हे नक्की बघा, माझ्या मते डायरीपेक्षा यात जास्त जीव आहे. लढाईबद्दल फार थोडं, बाकी सगळं घरचं, पाठवलेले पैसे पोचले का, धान्य मिळतंय का, महागाई किती झाली, कुणी शेताच्या बांधावरून त्रास देतंय का. माणूस इटलीत आणि जीव गावाकडच्या ज्वारीत. २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर लायब्ररीची कॅटलॉग-ऑर्डरची व्यवस्था बरीच विस्कटली होती, त्यामुळे जाण्याआधी ईमेल करून फाइल मिळेल का ते विचारा.

दिल्लीला मी गेलो नाही पण जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरून चाळलं, फुकट आहे, आणि भरती, फॅमिली अलॉटमेंट (शिपायाच्या पगारातून घरी जाणारे पैसे), माजी सैनिकांचं पुनर्वसन असल्या विषयांच्या फाइलींची यादी तरी मिळते.

इटली हा खरं तर चैनीचा भाग. बायको म्हणाली एवढं आलोय तर जाऊ, म्हणून पेस्कारापर्यंत गेलो आणि तिथून गाडी भाड्यानं घेतली. सांग्रो रिव्हर वॉर सिमेटरी तोरिनो दी सांग्रोजवळ, टेकडीच्या उतारावर, खाली नदीचं खोरं. नोव्हेंबर १९४३ मध्ये हीच नदी पावसानं फुगून सगळ्यांचा खोळंबा करत होती, आम्ही गेलो तेव्हा पात्रात निम्मे गोटेच. स्मशानभूमीतच दहन स्मारक आहे, पाचशेहून जास्त हिंदी सैनिकांची नावं त्यावर कोरलीत ज्यांना अग्नी दिला गेला. त्यात जाधव, शिंदे, पवार, मोरे वाचत गेलं की आपल्याच तालुक्याच्या मतदार यादीसमोर उभं आहोत असं वाटतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर रेजिमेंट टाकून ही नावं घरूनच काढून न्या, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. मी तालुक्यातल्या गावांची वेगळी यादी केली होती, आणि पाटीवर सापडेल त्या नावाचा फोटो काढून आणला. त्यातल्या दोन घरी मी गावाकडे जाऊन फोटो दिले, त्यांना आपला माणूस कुठे आहे ते माहीतच नव्हतं, फक्त इटलीत गेला एवढं ऐकून होते.

आणि ती चित्रं. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला माँतेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे, लढाईत नुकसान नको म्हणून फ्लॉरेन्सच्या उफित्सी गॅलरीतली चित्रं तिथे नेऊन ठेवली होती, त्यात बोत्तिचेल्ली या चित्रकाराचं प्रिमावेरा पण होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात तिथे पोचली ती मराठ्यांची पलटण, आणि चित्रांवर पहारा बसला तोही मराठ्यांचाच. वाड्याचं आता हॉटेल झालंय. आम्ही तिथे राहिलो नाही, पण उफित्सीत जाऊन प्रिमावेरासमोर उभे राहिलो, बायकांची मोठमोठी चित्रं हे आबांचं वर्णन तंतोतंत आहे. तिकीट ऑनलाइन आधी काढा, रांग भयंकर असते.

गाडी चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघायच्या आधी आरटीओतून काढून घ्या, इटलीत लागतं. सांग्रोला बसनं जायच्या फंदात पडू नका, ऊन असेल तर टोपी आणि पाणी, आसपास काही मिळत नाही. गेटापाशी भिंतीत छोटा कप्पा असतो त्यात रजिस्टर आणि व्हिजिटर्स बुक असतं, त्यात मराठीत लिहिलं तरी चालतं, मी लिहिलं. आणि क्यूमध्ये काढलेले फोटो त्याच रात्री फाइल नंबरच्या नावाचे फोल्डर करून दोन ठिकाणी ठेवा, डब्ल्यूओ १७० ची सगळी पानं सारखीच दिसतात.