वाइनरीतलं लग्न: रुखवत, चढ आणि पाचशेचं कुपन

पत्रिकेवर काळ्याभोर घडांनी लगडलेल्या वेलींचा फोटो होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा लॉनला लागून असलेल्या बागेत औषधालासुद्धा घड नव्हता. खुडणी होऊन गेलेली, पानं पिवळी पडलेली. फोटोवाल्याने भाचीला त्या पानांत उभं केलं आणि ती शेवटपर्यंत विचारत राहिली, "मामा, द्राक्षं कुठायत?"

नाशिककडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च उतरतात, पांढऱ्या वाइनची बहुधा आधी आणि लाल वाइनची नंतर. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नुसते खुंट उरतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुन्हा घड धरतात, पण डिसेंबरात ते हिरवे आणि दगडासारखे असतात. म्हणजे घडांसकट फोटो हवे असतील तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा, आणि हॉल बुक करताना 'लॉनजवळची बाग कधी खुडणार' हे आधी विचारा. मॅनेजर 'सीझन आहे सर' म्हणेल. सीझन वाइन करणाऱ्यांचा असतो, फोटोचा असेलच असं नाही. जागेचं नाव लिहीत नाही, भाचीचं लग्न झालंय तिथे.

ठाण्याहून निघून आमण्याला समृद्धीवर चढलो, इगतपुरीला उतरलो, कसाऱ्याचा घाट टळला. नाशिकपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

खरी गंमत दिंडोरी रस्ता सोडल्यावर. मॅपने पाटाच्या कडेची कच्ची वाट दाखवली. ३.५ किलोमीटरला ३५ मिनिटं लागली. मध्येच समोरून कॅरेटांनी भरलेला ट्रॅक्टर आला. मागे घ्यायला जागा नाही, डावीकडे पाट, उजवीकडे बागेची तार. ट्रॅक्टरवाल्याने उतरून माझी गाडी स्वतः वळवून दिली. वर म्हणाला, "मॅपवर आले ना? शनिवार-रविवारी दोन-तीन तरी येतेतच." डांबरी रस्ता गावातून आहे. मारुतीच्या देवळापाशी थांबून माणसाला विचारा, फोनला नको. आणि परतताना, अंधारात, त्या वाटेला अजिबात जाऊ नका, तिथे एक दिवा नाही.

फाटकावर पावती, माणशी ५००. "आत वजा होतील." आम्ही मुलीकडचे, लग्नाला आलोय, हे सांगितल्यावर यादी बघितली. यादी एका पोराच्या मोबाइलवर, आणि बॅटरी चार टक्के. "काका, नाव नाही यात." पाच जणांचे २५०० भरले. वर गेल्यावर कळलं की कुपन फक्त टेस्टिंगच्या, म्हणजे वाइन चाखायच्या, खोलीत चालतं, तेही सहाच्या आत. मुहूर्त गोरज, ६ वाजून ४० मिनिटांचा. सहाला आम्ही अंतरपाट शोधत होतो.

त्याहून कहर म्हणजे रुखवत अडवलं. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायचे नाहीत, असा बोर्ड. ताईने दोन महिने खपून केलेले अनारसे, करंज्या, साखरेचा तुळशीवृंदावन, सगळं फाटकावरच्या टेबलावर. आत्या त्या पोराला म्हणाली, "अरे, हे खायला नाही, दाखवायला असतं." तो गोंधळला. मॅनेजरला फोन झाला, अर्धा तास गेला, शेवटी 'डेकोरेशन' अशी नोंद करून खोकी आत सोडली. तुमच्याकडे रुखवत असेल तर त्याची परवानगी बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी 'हो हो' फाटकापर्यंत पोचत नाही.

आता चढ. गाड्या लावायच्या खाली, मांडव वर. मी घड्याळ लावलं: हातात खोकं घेऊन १४ मिनिटं, तेही सैल खडीवरून. दोन बॅटरीच्या गाड्या होत्या, एक वरपक्षाने अडवलेली, दुसरी टेस्टिंगवाल्या पाहुण्यांच्या दिमतीला. शनिवार, त्यात खुडणीचे दिवस, म्हणजे मुंबई-पुण्याची गर्दी आणि आपलं वऱ्हाड एकाच रस्त्यावर. धडधाकट माणसाला चढाचं काही नाही. पण आत्याचे गुडघे, नऊवारी आणि ती खडी हे गणित जमत नाही. मधल्या आंब्याखाली ती बसून राहिली. तिला वर आणेपर्यंत मंगलाष्टकं सुरू झाली होती, शेवटचं 'सावधान' तिने उभ्या-उभ्या, धापा टाकत ऐकलं. यावर मी अजून शांत झालेलो नाही. वयस्कर माणसं असतील तर एक गाडी आपल्या नावाने लिहून घ्या, नाहीतर दुसरा हॉल बघा. टाचेच्या चपलाही नकोत, लॉनमध्ये रुततात.

दुपारी द्राक्षं तुडवायची हौस होती. भावजींनी पँट वर केली. आत्या म्हणाली, "अन्नाला पाय लावायचा?" आणि अर्धं वऱ्हाड मागे सरलं. ते तुडवलेलं वाइनमध्ये जात नाही, खेळापुरतंच, असं तिथल्या मुलीने सांगितलं. तरी कोणी पुढे झालं नाही. भावजींच्या पांढऱ्या पँटचा डाग मात्र कायमचा.

जेवण उत्तम. आमरस सीझनआधीचा, डब्यातला, पण तो नाशकाचा दोष नाही.

डीजे दहाला बंद होतो. लाउडस्पीकरचा नियमच तो आहे, रात्री १० ते सकाळी ६, आणि उघड्या माळावर लपवायला भिंती नाहीत. आमची वरात ९:४० ला सुरू झाली. वीस मिनिटं नाचलो, मग मॅनेजरने हाताने खूण केली. नाचायचं असेल तर वरात मुहूर्ताआधी काढा. दहानंतर थंडीही झोंबते. दिवसा घाम, रात्री शाल, म्हणून शाल गाडीत ठेवू नका. गाडी खाली असते.

मुक्काम तिथल्या खोल्यांत करू नका, पैसे जास्त आणि खिडकीबाहेर जनरेटर. नाशिक शहरात उतरा. दुसऱ्या दिवशी आम्ही पंचवटीत फिरलो, मिसळ खाल्ली, बरं वाटलं.

परतीला फाटकावर तोच पोरगा होता. मी पाच कुपनं पुढे केली. त्याने उलटून बघितली, म्हणाला, "काका, कालची तारीख आहे."