फॉन्ट कन्व्हर्टर: कुठल्या मशीनचा शब्द द्यायचा?

छपाईची पानं जुळवायला वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या आजच्या अक्षर-पद्धतीत) आणणारा आमचा कन्व्हर्टर आता वापरण्याजोगा झालाय. या महिन्यात मात्र नवीन काहीच जोडलं नाही. सगळे रविवार एकाच प्रश्नात गेले: हा कुठं चालतो म्हणून रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीत, लिहायचं?

प्रश्न उभा राहिला बेळगावच्या शहापुरातल्या एका छोट्या प्रेसमध्ये. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांची पत्रकं, मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच टेबलावर होतात. मालकांना सगळेच मामा म्हणतात. त्यांच्याकडं तीन मशीन आहेत, पण खरं काम ज्याच्यावर चालतं ते ३२ बिट विंडोज ७ आणि २ जीबी रॅमवालं. पानं जुळवायचं पेजमेकर त्याच्यावर, भारतीय भाषांच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगलही (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली) त्यालाच लावलेलं. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्यांच्या स्मरणिकांसारखा मजकूर आमच्या भागात असल्याच मशीनवर जुळवला जायचा. तो आज सीडीवर पडून आहे आणि तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. हा मजकूर वाचावा म्हणूनच तर आम्ही हे काम हातात घेतलं.

कन्व्हर्टर म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. इन्स्टॉल काही करायचं नाही, नेट लागत नाही. जावास्क्रिप्टची मॉड्यूल वेगळी ठेवली तर डिस्कवरून थेट उघडलेल्या पानात क्रोम ती घेत नाही, म्हणून सगळं एकाच फाइलीत बांधलंय. पेनड्राइव्ह लावला, मामांनी डबल क्लिक केलं. पांढरं पान.

"उघडलं, पण काहीच दिसेना बघ," मामा म्हणाले.

एफ१२ दाबून ब्राउझरच्या चुका दाखवणारा कन्सोल बघितला, तर रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुरात ठरावीक अक्षरं शोधायच्या नियमाचा) फ्लॅग, म्हणजे त्याला जोडलेली खूण, चुकीचा असल्याची तक्रार. ब्राउझर क्रोम १०९. विंडोज ७ वर चालणारं हेच शेवटचं क्रोम, जानेवारी २०२३ मधलं. आम्ही एका नियमात 'व्ही' फ्लॅग वापरला होता, कारण 'देवनागरीतली सगळी चिन्हं, पण मात्रा-वेलांट्या वगळून' असा संच त्यानं एका ओळीत लिहिता येतो. हा फ्लॅग क्रोममध्ये ११२ पासून आहे. फायरफॉक्सचंही तसंच: विंडोज ७ वर शेवटची चालते ती ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती), आणि फ्लॅग आला ११६ मध्ये. दोन्हीकडं थोडक्यात हुकलं. असा फ्लॅग न कळणारा ब्राउझर फक्त तेवढा नियम सोडून देत नाही, अख्खी स्क्रिप्टच नाकारतो. आमची स्क्रिप्ट एकच, त्यामुळं बटणसुद्धा दिसलं नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. तोच संच साध्या 'यू' फ्लॅगनं, पुढं मात्रा नाही ना हे आधी तपासून, लिहिता येतो. पण माझ्या लॅपटॉपवर आणि कोड ठेवायच्या गिटहब साइटवरच्या स्वयंचलित चाचण्यांत महिनाभर सगळं हिरवं दिसत होतं आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांच्यापुढं कोरं पान आलं, हे मला फार लागलं.

दुसरा दोष त्याच दुपारी सापडला आणि तो जास्त खोल होता. हे फॉन्ट आठ बिटांचे. मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असतात. कुठल्या जागेवर कुठला तुकडा, याचा तक्ता आम्ही बांधलाय. आमच्या चाचण्या नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतात आणि तिथं आम्ही फाइल 'लॅटिन१' या जुन्या अक्षर-संकेतात वाचत होतो. ब्राउझरलाही आम्ही 'लॅटिन१'च सांगितलं होतं, पण वेबच्या मानकाप्रमाणं ब्राउझर त्या नावाखाली विंडोज १२५२ हा दुसराच संकेत वापरतो. १२८ ते १५९ या ३२ जागांपैकी २७ जागांवर दोघांचं उत्तर वेगळं येतं. म्हणजे नोडवर पास झालेला तक्ता ब्राउझरमध्ये नेमक्या त्या जागांवर आंधळा. मामांच्या फाइलीत शब्दाच्या मधेच उघडं अवतरणचिन्ह उभं होतं, तिथं खरं तर अर्धं अक्षर असायला हवं होतं. आता फाइल थेट बाइट (प्रत्येक जागेचा मूळ आकडा) म्हणून वाचतो आणि तक्ताही बाइटवरच बांधलाय. कोणी मजकूर चिकटवला तर ती २७ चिन्हं आधी मूळ बाइटमध्ये परत नेतो.

तपासायला एक ओळ ठरवली आहे: 'मूर्तिकाराने दुसऱ्या वर्षी'. दिसायला साधी, पण आत सगळं आहे. 'र्ति' बघा. जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी, मग त, मग रफार, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये आधी र, हलन्त, मग त आणि वेलांटी सगळ्यात शेवटी. 'दुसऱ्या'त आपला खास मराठी अर्धा र, तो साध्या र्य मध्ये बदलला की शब्द मोडला. ही ओळ बरोबर उतरली तरच पुढची फाइल लावतो.

आता मूळ प्रश्न. पुण्यात नोकरी करणारा आमचा एक मित्र म्हणाला, विंडोज ७ सोडून द्या, मायक्रोसॉफ्टनंच जानेवारी २०२० मध्ये सोडलंय. त्याचा मुद्दा खोटा नाही. दुरुस्त्या न मिळणाऱ्या ब्राउझरवर कोणाला नेट वापरायला लावणं बरोबर नाही. पण आपली फाइल पेनड्राइव्हवरून चालते, मामांच्या त्या मशीनला नेटची वायरच नाही, आणि तशीच असू द्या असं आम्ही सूचनांतही लिहिलंय. लिनक्स टाकून द्यायचाही विचार झाला. पण मामांचं डोंगल लिनक्सवर चालणार नाही, आणि ३२ बिट मशीनचे दरवाजे तिकडंही बंद होत चाललेत. डेबियन या लिनक्सची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली तेव्हा ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन्ही गेले होते.

कुठल्या मशीनची किती हमी, याबाबत रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांची पातळ्यांची पद्धत मला पटते: पहिल्या पातळीवर चालण्याची हमी, दुसरीवर फक्त बिल्ड (कोडमधून प्रोग्रॅम तयार) होण्याची, तिसरीवर कसलीच नाही. आपल्याला बिल्डचा प्रश्न नाही, म्हणून कसोटी बदलली. ज्या मशीनसमोर आपल्यापैकी कोणीतरी दर आवृत्तीला बसून ती ओळ आणि पाच जुन्या फाइली चालवणार, तेवढ्याचीच हमी. त्यात आले विंडोज ७ वरचं क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५, विंडोज १० वरचं चालू क्रोम आणि माझं उबुंटू. विंडोज ७ साठी मामांनी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुकान बंद असताना मशीन द्यायचं कबूल केलंय. त्यांनी स्वतः ही गोष्ट पुढं केली, याचा मला फार आनंद झाला.

अँड्रॉइडवर चालतं, निपाणीचा एक जण रोज वापरतो, पण तो नियमानं तपासणार नाही म्हणून हमी नाही, दोष कळवला तर बघणार. आयफोन आणि मॅक आमच्यात कोणाकडंच नाही. तिथं एक अडचण आधीच माहीत आहे: आमचे चार नियम 'मागं काय आहे' ते बघतात आणि सफारीला ते १६.४ पासूनच कळतं. कोणाकडं मॅक असेल आणि दर आवृत्तीला अर्धा तास द्यायची तयारी असेल, तर ते चार नियम मी बदलून देतो आणि मॅक वरच्या रांगेत घेतो.

कन्नडचं विचारणारे बरेच आहेत. तिथल्या अर्कावत्तूचा (जोडाक्षरातल्या र च्या खुणेचा) पेच आपल्या रफारासारखाच, त्यामुळं क्रम लावणारा भाग जसाच्या तसा चालावा. पण तक्ता तपासायला कन्नड रोज टाइप करणारं माणूस हवं. मामांच्या दुकानातली ऑपरेटर ताई तयार आहे, तिला पहिल्या वीस ओळी परवाच दिल्या.

पुढची आवृत्ती येत्या दुसऱ्या रविवारनंतर. त्याआधी नोडवरच्या चाचण्या काढून त्याच चाचण्या पानाच्या आतच एका बटणावर ठेवतोय, म्हणजे मामांच्या मशीनवर आणि माझ्या मशीनवर एकच तपासणी होईल. अजून चौदा चाचण्या हलवायच्या आहेत.