लिनियावाले काका आणि पाडलेला मीटर

सेकंडहँड गाड्या तपासायचं काम करतो मी, पुण्यात, अकरा वर्षं झाली. दिवसाला चार-पाच गाड्या होतात, रात्री जेवताना बायकोने विचारलं की आज काय बघितलं तर निम्म्या आठवत पण नाहीत. पण २०२५ च्या दिवाळीआधीचा एक दिवस डोक्यातून जात नाही.

आधी बाजार कसा होता ते सांगतो. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, वरचा सेस पण गेला, नव्या गाड्या एका रात्रीत स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे भाव धाडकन खाली. यार्डात आधीच्या भावाने घेतलेल्या गाड्या उभ्या, त्यामुळे आमचे शेठ चिडलेले, मला म्हणाले आता कुणाला एक रुपया जास्त बोलू नकोस.

सकाळी पहिली गाडी स्विफ्ट डिझायर डिझेल, २०१३ ची, पांढरी. एक एजंट घेऊन आला होता, म्हणे सिंगल हँड, म्हणजे एकाच मालकाची, डॉक्टरांची गाडी, फक्त ७२ हजार फिरलीय. (सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात, आणि डॉक्टर कधी कुठे जातच नाहीत.) मीटर ७२ हजारच दाखवत होता, पण क्लचच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत आणि स्टिअरिंग दहा-दोनच्या जागी चकाकत होतं. मी काचा बघितल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं, कंपनी आणि वर्षाचा कोड. डाव्या बाजूच्या दोन्ही काचा वेगळ्या कंपनीच्या आणि नंतरच्या निघाल्या. रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर लावला, उजवीकडे १२० मायक्रॉनच्या आसपास, डाव्या मागच्या दारावर ६००. म्हणजे ठोकून आत लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. मग बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्याच्या बाजूला, खालच्या अंगाला, कुठल्या तरी गॅरेजचं ऑइल चेंजचं स्टिकर होतं आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, पुढची सर्व्हिस १,६०,०००. मीटर पाडणाऱ्याने, म्हणजे किलोमीटर मागे फिरवून कमी करणाऱ्याने, सगळं केलं पण हे काढायला विसरला. एजंटला दाखवलं तर हसला, म्हणाला साहेब तुम्ही पण ना, बोला आता किती देताय.

दुपारी चिंचवडला एका काकांकडे गेलो. फियाट लिनिया, डिझेल, २०१२ ची, खरोखरची सिंगल हँड. काका टूलरूममधून रिटायर झालेले, मुलगा बंगलोरला, म्हणे आता डोळ्यांमुळे रात्री चालवता येत नाही. बोनेटवर दसऱ्याच्या हळदीकुंकवाचा डाग तसाच होता. मीटरवर १,४६,०००, आणि सोबत एक डायरी, पहिल्या पानावर श्री, मग पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, तारीख, किलोमीटर, ॲव्हरेज. पेंट मीटर सगळीकडे ११०, ११५, १२०, एकाही पॅनलला हात लावलेला नाही. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर नाही, म्हणजे इंजिन आतून धड. दार लावलं की तो जड धप्प आवाज, फियाटवाल्यांना माहितीय मी काय म्हणतोय.

आता गंमत बघा. दोन्ही गाड्यांत इंजिन एकच! १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट. लिनियाला रांजणगावहून लागायचं, मारुती तेच फियाटच्या लायसनवर हरियाणात बनवायची. टाटाच्या व्हिस्टात पण तेच होतं. टर्बो वेगळा म्हणून लिनियाची ताकद उलट जास्त, नव्वदच्या वर हॉर्सपॉवर, डिझायरला पंचाहत्तरच्या आसपास. आणि भाव? पडलेल्या बाजारात सुद्धा मी डिझायरला, ॲक्सिडेंट आणि पाडलेला मीटर धरून, १ लाख ९० बोललो होतो. लिनियाला शेठनी फोनवर सांगितलं, नव्वद हजाराच्या वर जाऊ नको.

शेठ चुकत नव्हते हे पण खरंय. डिझायर आठ दिवसांत जाते, गावोगावचा मेकॅनिक ती डोळे मिटून खोलतो, पार्ट कोपऱ्यावर मिळतो. लिनिया चार महिने यार्डात उभी राहील, बंद झालेल्या मॉडेलवर कोणी लोन देत नाही आणि हेडलाइट फुटला तर शोधत बसा. जुन्या बाजारात लोक गाडी घेत नाहीत हो, कोपऱ्यावरचा मेकॅनिक विकत घेतात. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातून गाशा गुंडाळतो म्हणून सांगितलं तेव्हा त्यांच्या फिगो, इकोस्पोर्टचं पण असंच झालं, गाड्या कालच्याच होत्या, गिऱ्हाईक आजपासून घाबरलं. टोयोटाचं उलटं, तीन लाख फिरलेली इनोव्हा पण लोक हात जोडून घेतात, त्यातलं निम्मं खरं आणि निम्मी हवा असं माझं मत, शिव्या घाला. फियाटचं मला जास्त लागतं, कारण आमच्या आजोबांच्या तोंडी कार हा शब्दच नव्हता, कुठलीही गाडी असो, फियाटच म्हणायचे.

काकूंनी चहा आणला. मी आकडा सांगितला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "इंजिन डिझायरचंच आहे ना रे हे?"

म्हणलं, "काका, डिझायरमध्ये तुमचं आहे."

हसले. म्हणाले, "मग?"

मला उत्तर देता येईना. शेवटी सरळ सांगितलं की विकू नका, २०२७ पर्यंत पासिंग आहे, दिवसा चालवा, मंडईत न्या, नव्वद हजारात तुम्हाला धड स्कूटर येणार नाही. शेठना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

काकांनी डायरी घेतली, चष्मा लावला आणि शेवटच्या डिझेलच्या नोंदीखाली लिहिलं, "गाडी दाखवली. ९०,०००. दिली नाही." मग पेन खिशाला लावत विचारलं, "उजव्या हेडलाइटमध्ये पाणी जातंय, सील बसवणारा कोणी आहे का ओळखीचा?" एकाचा नंबर दिला.

डिझायर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यार्डाने २ लाख ३० ला उचलली असं कळलं. ते स्टिकर तेवढं काढलं असणार.