किती फिरलीय नव्हे, कुणी फिरवलीय

भाच्याला फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यायची होती. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सांगलीत प्रत्येकाने त्याला एकच विचारलं, "किलोमीटर किती झालेत?" माझ्या मते असल्या गाडीचा आकडा नंतर बघावा, आधी मालक बघावा.

मी सकाळी जातो आणि फोनवरच सांगून ठेवतो, "दादा, मी येईपर्यंत चालू करू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावतो. गरम लागलं तर मन तिथेच उडतं. मग मालकालाच चालवायला बसवतो आणि त्याचा पाय बघतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा; त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं. गल्लीतून बाहेर पडताच पाय दाबणाऱ्या माणसाची गाडी मला नको.

सांगलीत आणखी एक बघावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, गाळाची रेघ दिसते का बघायचं. सीटखालचे बोल्ट गंजलेत का तेही. एका मालकाने आपणहून सांगितलं, पाणी लागलं होतं. त्या माणसाबद्दल आदर वाटला, पण गाडी सोडली. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी वर्षांनीही त्रास देतं.

शेवटी साताऱ्यात, सदरबझारमधल्या एका निवृत्त सरांची गाडी बघितली. रंग उतरलेला, उजव्या दाराला पोचा. आधीचे गिऱ्हाईक म्हणे तेवढं बघूनच परत गेले. पोवई नाक्याच्या गर्दीत सर इंचाइंचाने पुढे सरकत नव्हते. पुढे जागा होऊ देत, मगच गाडी हलवत. या डीएसजीचा क्लच कोरडा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेला, रांगत नेलं की घसरून तापतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यवतेश्वर घाट चढून वर थांबलो तर लगेच बंदही केली नाही, बोलत बोलत मिनिटभर इंजिन चालू ठेवलं. गरम टर्बोत ऑइल अडकून जळू नये म्हणून. मी काही विचारलंच नव्हतं.

घरी फाइल दाखवली. कंपनीची सर्व्हिस पंधरा हजारांवर, पण मध्ये साडेसात हजारांवर स्वतःच्या खर्चाने ऑइल बदलल्याची बिलं, ग्रेडसकट. चारही टायर एकाच कंपनीचे आणि कडेवरचे तारखेचे चार आकडेही सारखेच, म्हणजे आठवडा आणि वर्ष एकच. वेगवान गाडीला दोन महागडे आणि दोन स्वस्त टायर लावणारा माणूस ब्रेकवरही काटकसर करतो, हे माझं ठाम मत.

सरांनी बाजारभावापेक्षा थोडे जास्तच सांगितले. भाचा घासाघीस करायला लागला, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "सर सांगतील तेवढे दे."