पहिल्या तारखेची टाकी

महिना संपायला अजून आठवडा आहे आणि आज दुपारी गाडी सुरू केली तर काटा लाल रेघेला टेकलेला. गुपचूप गाडी बंद केली आणि काम चालतच उरकून आलो. घरात कायदा झालाय ना! पहिल्या तारखेला टाकी गच्च भरायची. ती संपली की पुढच्या पहिलीपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, आजारपण सोडून. कुणाची सक्ती नाही. आपलं आपणच लावून घेतलेलं रेशनिंग.

या काट्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. वरची अर्धी टाकी तो ऐटीत, सावकाश उतरतो आणि अर्ध्याखाली आला की भराभर. पगाराचंही असंच होतं, पण ते जाऊ दे.

बाबांच्या स्कूटरला काटाच नव्हता. चालता चालता ती आचके द्यायला लागली की बाबा खाली हात घालून कॉक फिरवायचे. 'रिझर्व्हला लागली' एवढंच म्हणायचे, पण त्यानंतर घरी पोचेपर्यंत कुणी बोलायचं नाही. रिझर्व्हही संपलं की मी मागून उतरायचो. बाबा टाकीचं झाकण उघडून एक डोळा मिटून आत बघायचे, स्कूटर दोन्ही हातांनी हलवायचे आणि कान देऊन ऐकायचे. आत काही डुचमळलं की झाकण लावून स्कूटर एका अंगावर आडवी करायची, जरा वेळ तशीच धरायची, मग उभी करून किक. कुठल्या तरी कोपऱ्यातलं घोटभर पेट्रोल कार्बोरेटरला मिळायचं आणि आम्ही निघायचो. उतार लागला की इंजिन बंद. खाली पोचल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर 'फुकटात आलो' असं स्पष्ट लिहिलेलं असायचं.

हल्लीच्या गाडीत हे चालत नाही. उताराला गाडी गिअरमध्येच ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर इंजेक्टर पेट्रोल सोडणंच बंद करतो. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जातंच. हे बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पण इंजिनच बंद केलं तर?" तर ब्रेक जड होतो, स्टिअरिंग जड होतं. त्यांना पटलेलं नाही.

रेशनिंगचा खरा कारभार हिच्याकडे आहे. हिचा राग जवळच्या फेऱ्यांवर, आणि तो रास्तच आहे. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त पाजावं लागतं, ऑइलही घट्ट असतं. इंजिन जरा तापतंय तोवर आपण पोचलेले असतो. म्हणून सुटं काम निघालं की त्याला जोडीदार मिळेपर्यंत थांबावं लागतं. गाडीच्या कप्प्यात एक वही असते. तारीख, किलोमीटरचा आकडा, कोण, कशासाठी. मुलीनं एकदा 'कशासाठी'खाली 'सहज' असं लिहिलं आणि जेवताना मोठा वाद झाला. सहज हे कारण होतं का? मुलीचं म्हणणं, सगळ्यात खरं कारण तेच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत या 'सहज'वर सरकारनंच बंदी घातली होती. १९४३च्या जानेवारीत पूर्वेकडच्या राज्यांत मौजेखातर गाडी चालवायला मनाई झाली. करमणुकीच्या ठिकाणी उभ्या गाड्यांचे नंबर तपासायला माणसं फिरायची. 'ही फेरी खरंच गरजेची आहे का?' असं विचारणारी पोस्टरं लागली होती. गंमत म्हणजे देशभर पेट्रोलचं रेशनिंग केलं ते मुख्यतः टायरच्या रबरासाठी. रबर यायचं तो आग्नेय आशियाचा मुलूख जपानच्या ताब्यात गेला होता. माणसं गाडी कमी चालवतील तर टायर झिजणार नाहीत, असा तो हिशोब. १९७३च्या तेलटंचाईत नेदरलँड्समध्ये रविवारी गाड्याच बंद ठेवल्या, तेव्हा लोक मोकळ्या महामार्गांवर सायकली घेऊन उतरले. तिथे 'सहज'ची सोय अशी झाली.

आमच्या वहीत मात्र एक नाव कधीच आलेलं नाही. आई गाडी चालवत नाही. पूर्वी ती म्हणायची, "निघालाच आहेस तर मला मावशीकडे सोड." मावशीकडे तिचं काही काम नसायचं. रेशनिंग सुरू झाल्यापासून हे वाक्य बंद झालंय, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. परवा मी ठराव मांडला, दर महिन्याला थोडे लिटर आईच्या नावानं बाजूला ठेवायचे. हिनं लगेच होकार दिला, मुलीनं टाळी वाजवली. ठराव फेटाळला तो आईनंच. म्हणाली, "आणि वहीत काय लिहिशील, कशासाठी?"