ऑर्डर नाही घेत मी

मंगळवार, रात्री

आज भाजी घेताना परत एकीनं विचारलंच, "वैनी, ऑर्डरी घ्यायला चालू करा की, हॅन्डमेडला लय डिमांड हाय आता, माझी पोरगी इन्स्टावर पेज काढून देईल." माझ्या हातात क्रोशाची पिशवी होती ना, ती बघून. बघूया की म्हणाले आणि सटकले. पण तेव्हापासनं डोक्यात तेच फिरतंय, म्हटलं लिहून टाकावं, नाहीतर झोप यायची नाही. तशीपण येत नाहीच म्हणा, पाऊस थांबायचं नाव घेईना आणि फोनवर दर तासाला कोण ना कोण पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी टाकतंय. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात आता शेंबड्या पोराला पण पाठ आहेत, २०१९ च्या महापुरानंतर तर विचारूच नका.

तर क्रोशा. अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, ऍडमिट केलं तेव्हा मी परत सुई हातात धरली. शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेलं तेवढंच, साखळी, मुका खांब, खांब असले साधे टाके, नंतर संसारात कुठं वेळ मिळतोय. पण हॉस्पिटलच्या बाहेर त्या लोखंडी बाकड्यावर बसून दिवसभर करायचं तरी काय, फोन उघडला की सगळ्यांचे तेच मेसेज, कशी आहे, काय म्हणाले डॉक्टर, आणि उत्तर देऊन देऊन जीव नकोसा झालेला. महाद्वार रोडवरनं जाताना एका दुकानात दोऱ्याचे गुंडे लटकवलेले दिसले, पांढरा एक घेतला, सुई घेतली, कशासाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं.

ताटावर टाकायचा रुमाल करायला घेतला. सहा साखळ्या, त्या जोडून गोल करायचा, त्या गोलात बारा खांब, पुढच्या ओळीत प्रत्येक खांबात दोन म्हणजे चोवीस, त्याच्या पुढं एकाआड एक वाढवायचा म्हणजे छत्तीस. वाढवायला विसरलात तर रुमाल वाटीसारखा वर उचलतो, जास्त वाढवलात तर कडेला झालर सुटते. एवढंच गणित आहे, पण ते करताना दुसरं काही डोक्यात ठेवता येत नाही. सतरा, अठरा, एकोणीस करत असताना रिपोर्टचा विचार आला की एकोणीस हातातनं जातो आणि परत पहिल्यापासनं मोजायला लागतं. मग आपोआप रिपोर्ट बाजूला राहतो, थोडा वेळ का होईना.

तो रुमाल अजून आहे माझ्याकडं. मधली एक ओळ इतकी आवळून बसलीय की खांबात सुई शिरेना, ती त्या दिवशीची आहे ज्या दिवशी डॉक्टरांनी दाजींना आणि मला आत बोलवून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला कळणार पण नाही, मला मात्र बोट फिरवलं की लागते.

अक्काचं म्हणजे, सलाईन एका हाताला, दुसऱ्या हातात माझा गुंडा. लागेल तसा दोरा सोडायची. आणि पडल्या पडल्या मुकादमगिरी चालू, "उसव ते, वाकडं झालंय," "तुला लहानपणापासनं घाईच भारी." मी मान खाली घालून विणत असायचे आणि ती बोलत असायची. एका दुपारी असंच मोजता मोजता ती म्हणाली की भाऊच्या हक्कसोडावर मी सही केली ना, ती मनातनं नव्हती केली. आबांनी घर बांधलं तेव्हा विटा मी पण वाहिल्या होत्या, मला निदान कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. इतकी वर्षं आम्ही दर दिवाळीला भाऊकडं जातोय, भाऊबीज करतोय, हसतोय, आणि हे तिच्या पोटात. मी मान वर केली असती तर ती थांबली असती, मला पक्कं माहितीय, आमच्या घरात समोरासमोर बसून असलं कुणी बोलत नाही. मी छत्तीसाच्या ओळीत होते, तशीच विणत राहिले, फक्त "हं" म्हणाले. मग ती पुढं बरंच बोलली. ते इथं नाही लिहीत.

मला काय मिळालं त्या सुईनं, तर हे मिळालं. मनःशांती वगैरे मला ठाऊक नाही.

गुरुवार

काल लाईट नव्हती. आज पाणी जरा उतरलंय म्हणतात.

अक्का गेल्यावर मी गुंडा पिशवीत घालून कपाटावर टाकला तो टाकलाच. येणारा प्रत्येक जण, "मन रमव कशात तरी." अरे काय मन म्हणजे बारकं पोर आहे का रमवायला. एक जण तर दिवसकार्याच्या जेवणाला बसल्या बसल्या मला सांगायला लागली की पॉझिटिव्ह राहायचं. मी भात वाढून पुढं गेले.

मग कधीतरी दाजी आले, अक्काची पातळं एका बोचक्यात बांधून. म्हणाले, "तू बघ काय करायचं ते, मला कपाट उघडवेना." चहा पण न घेता गेले. ते बोचकं माझ्या कॉटखाली किती दिवस पडून होतं. चार वेळा झाडू मारताना पाय लागला आणि चारी वेळा मी नमस्कार केला, असली वेडी मी.

शेवटी आत्ती आली. माझ्या वडलांची बहीण, कागलकडची, ऐंशी पार केलेली, दात नाहीत पण डोळे असे की सुईत दोरा पहिल्या झटक्याला ओवते. बोचकं बघितलं तिनं, म्हणाली, "वाकळ शिवूया की. हे असं बांधून किती दिस ठेवणार हाईस?" वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. मी म्हटलं, आत्ती, मला कात्री लावायला नाही जमणार ह्याला. तर हसली, "कात्री कशाला लावतीस? वाकळंला पातळ कापत न्हाईत, घडी घालून आत घालत्यात."

हे मला माहीतच नव्हतं, लहानपणापासनं वाकळ अंगावर घेऊन झोपलेली मी. खाली एक धडकं पातळ जमिनीवर पसरायचं, सुरकुती एक राहू द्यायची नाही, कोपऱ्यांवर तांब्या, पाट, जे हाताला लागेल ते वजन ठेवायचं. त्यावर बाकीची पातळं घड्या घालून, कुठं विरलेलं असेल तिथं दुसऱ्याचा जाड पदर येईल असं बघून. वर परत एक चांगलं. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवायचं आणि कडेपासनं धावदोरा चालू, चारी बाजूंनी फिरत फिरत आत. आत्ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा सुरुवातीला झुरळाएवढा. रात्री बोटं अशी दुखायची की भाकरी थापताना डोळ्यात पाणी यायचं. तेवढ्याच कारणानं यायचं असं नाही, पण कारण असलं की बरं पडतं.

वर कुठलं घ्यायचं ह्यावर दोन दिवस गेले. मला तिचा लग्नातला शालू वर पाहिजे होता, आत्ती म्हणाली जरीची तार टोचती, अंगाला लागती, वर सुतीच पाहिजे. शेवटी हिरवं इरकल वर आलं, रोज कामाला जाताना नेसायची ते. शालू आत गेला, मधोमध. दिसत नाही पण हात ठेवला की तिथं कडक लागतं.

आमच्या आज्जीच्या हातची एक वाकळ होती माहेरी, शुक्रवार पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं तेव्हा सगळे अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडले, वाकळ कोण आठवतंय त्या वेळी. पाणी ओसरल्यावर गल्लीभर गाद्या आणि वाकळांचे ढीग, चिखल पिऊन एवढ्या जड झालेल्या की दोन माणसांना एक उचलेना. आमची त्यातच गेली. अक्का त्या ढिगापाशी बराच वेळ उभी होती, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, चल की, जुनं फडकं ते. म्हणून ह्या वेळी पाऊस लागल्यापासनं अर्धी शिवलेली वाकळ वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली नाही, लॉफ्टवर. आत्तीला जिना चढायला त्रास होतो म्हणून तिला पण वरच ठेवलंय, खाली येऊच देत नाही.

शनिवार

भाचीचा फोन आला, अक्काची पोरगी, पुण्यात ऑक्युपेशनल थेरपी शिकतेय. ती म्हणाली मावशी, तू जे करायलीस ना ते आमच्या सिलॅबसला आहे. मला आधी वाटलं चेष्टा करतेय. तर म्हणे पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांना हॉस्पिटलात टोपल्या विणायला, माग चालवायला, भरतकाम करायला द्यायचे, हात पण सुधारायचा आणि रात्री दचकून उठणारं डोकं पण जरा जाग्यावर यायचं, तिचा हा सगळा विषय तिथनंच वाढला. मोठमोठे मिशीवाले सोल्जर भरतकाम करताना डोळ्यांपुढं आले आणि कितीतरी दिवसांनी मी खळखळून हसले.

मग तिनं एक सर्व्हे पण सांगितला, २०१३ सालचा, जगभरातल्या ३,५४५ विणणाऱ्यांना विचारलेलं, जे जास्त वेळा विणतात त्यांनीच जास्त सांगितलं की शांत वाटतं, बरं वाटतं. मी म्हटलं अगं हे म्हणजे मिसळीच्या लायनीत उभ्या राहिलेल्यांना मिसळ आवडते का विचारल्यासारखं झालं की. ज्यांनी वैतागून सुया फेकून दिल्या त्यांना कोण विचारणार. ती म्हणाली बरोबर आहे, आमचे सर पण असंच म्हणतात. शहाणी आहे पोरगी, आईवर गेलीय.

पण तिनं चिली देशाचं सांगितलं ते मात्र आत जाऊन बसलं. १९७३ ला तिथं लष्करानं सत्ता घेतली, लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत माणसं घरातनं उचलून न्यायचे आणि ती परत यायचीच नाहीत, प्रेत नाही, कागद नाही, काही नाही. त्यांच्या आया, बायका चर्चच्या आधारानं एकत्र बसून पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रं शिवायला लागल्या. डोंगर, घरं, रांगेत उभ्या बायका, आणि एक माणूस नसलेला. कधी कधी त्याच्याच शर्टाचा तुकडा लावून. बोलायची सोय नव्हती पण बायका शिवत बसल्यात म्हटल्यावर सुरुवातीला कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. ती चित्रं गुपचूप देशाबाहेर गेली आणि जगाला कळलं. आणि हो, ती विकली जायची, त्या पैशावर त्यांच्या घरच्या चुली पेटायच्या.

म्हणजे बघा. मी इकडं ऑर्डर घेत नाही म्हणून तोऱ्यात, आणि तिथं तेच दुःख शिवून विकलं म्हणून पोरं जेवली.

हा तोरा सुभाषनगरच्या एका बाईनं आधीच उतरवला होता म्हणा. माझ्या ओळखीची, चपलांच्या वेण्या घालते. पुरुष चामडं कापतात, तळ करतात, आणि ती बारीक चामड्याची वेणी, ज्यावर सगळं जग भाळतं, ती बहुतेक बायकांच्या हातची. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ ला कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवणाऱ्या त्या इटलीच्या प्राडा कंपनीच्या भानगडीनं गावभर चर्चा झाली, टीव्हीवाले येऊन गेले. मी तिला म्हटलं, हातानं काम करत बसलं की मन जरा हलकं होतं ना हो. तिनं माझ्याकडं असं बघितलं. "ताई, जोडावर पैसे मिळत्यात मला. मन हलकं होतंय का न्हाई बघाय येळ कुणाला हाय? पाठ मोडती तेवढं कळतंय." मग जरा वेळानं स्वतःच म्हणाली, "पण नवरा वारला तवा तिसऱ्या दिवशी बसलो व्हतो वेणी घालाय. लोकं बोलली. घरात बसून त्या फोटोकडं बघून काय करू?"

दोन्ही खरं होतं तिचं, आणि तिनं ते एका दमात सांगितलं. म्हणून मी आता कुणाला सांगत बसत नाही की विणा, शिवा, बरं वाटेल. ज्याला पोटासाठी करायचंय त्याला ते काम आहे. मी ऑर्डर घेत नाही कारण ऑर्डर घेतली की तारीख आली, तारीख आली की उसवता येत नाही, आणि मला उसवायला पाहिजे असतं. आत्ती झोपली की कधीकधी मी हातभर धावदोरा उसवते आणि परत घालते. तिला सकाळी कळतं, बोलत नाही.

रविवार

गल्लीतल्या तिघी-चौघी आता दुपारी येऊन बसतात वाकळंभोवती. सगळ्यांच्या माना खाली. आज त्यातल्या एकीनं, जी एरवी दुसऱ्यांच्या सुनांशिवाय काही बोलत नाही, तिनं स्वतःच्या पोराचं सांगितलं, दारूचं. कुणी वर बघितलं नाही, कुणी सल्ला दिला नाही, आत्तीनं फक्त दोरा तोडून तिच्याकडं दिला, "ही कड धर." ती शिवत शिवत तासभर बोलली. जाताना म्हणाली उद्या येते, तर मी म्हटलं या की, अजून निम्मी बाकी आहे.

भांडण वेगळंच लागलंय. वाकळ कुणाची? दाजी तोंडानं मागत नाहीत, पण दर दोन दिवसांनी "किती झाली" विचारायला येतात, हल्ली चहा पण घेतात. भाची म्हणते मला हॉस्टेलला पाहिजे. मी सांगितलं ने, पण मशीनला लावायची नाही, टाके तुटतील. ती म्हणाली मग धुणार कोण, मला तर ओली झाल्यावर उचलणार पण नाही. मी म्हटलं दर सुट्टीला घेऊन ये, आपण दोघी मिळून धुऊ. ती म्हणाली मावशी, एसटीत वाकळ घेऊन मी दर सुट्टीला येऊ? आत्ती मागनं ओरडली, "दुसरी शिवा की! पातळं काय कमी हाईत व्हय तिची?"

मोजली. अजून एक होईल एवढी आहेत.