सोनं आता घेऊ, की थांबू?

मी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसते, त्यामुळे लग्नकार्यात पंगतीला बसले तरी शेजारून विचारणा होतेच, "अजून वाढेल का हो सोनं? आणि चांदीचं काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. उद्याचा भाव मला कळत नाही, आणि कळतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

भाव का चढला, ते मात्र सांगता येतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाची परकीय गंगाजळी गोठवली. दुसऱ्याच्या तिजोरीतले डॉलर ऐनवेळी हाताला लागतीलच असं नाही, याचा बाकीच्यांनी धडा घेतला. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या बँकांनी, दरसाल हजार टनांहून जास्त सोनं उचललं. हे गिऱ्हाईक ना अक्षय्य तृतीया बघतं, ना घासाघीस करतं. त्यात आपला रुपया घसरला की इथला भाव आणखी वर. हे गिऱ्हाईक बाजारात आहे तोवर सोन्याला आधार आहे, असं माझं मत.

चांदीला तो आधार नाही. तिची निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांची: सौर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्या. शिवाय ती बहुतेक तांबं, शिसं, जस्त यांच्या खाणींतून जोडीनं निघते, म्हणून भाव चढला तरी माल लगेच वाढत नाही. चढली की उधळते, पडली की आपटते. एप्रिल २०११ मध्ये ती किलोला सत्तर हजारांच्या वर गेली होती. नंतर निम्म्यावर आली, आणि तो भाव पुन्हा दिसायला २०२० उजाडलं. एवढी वर्षं कळ काढता येणार असेल तरच चांदी घ्या, आणि तीही थोडी.

पण लोक मला विचारतात भावाबद्दल आणि घेतात दागिना. इथेच खरी गफलत आहे. समजा सोन्याचे एक लाख झाले. घडणावळ १२ टक्के धरली तर १,१२,००० होतात, वर ३ टक्के जीएसटी. हातातून १,१५,३६० गेले. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात आणि सराफानं दोन टक्के घट धरली, तर हाती ९८,०००. म्हणजे भाव सतरा-अठरा टक्के चढेल तेव्हा कुठे तुम्ही मुद्दलावर याल.

आमच्या टेबलावर तर आणखी गंमत. आजीची बोरमाळ काट्यावर चांगली वजनदार भरते. मूल्यांकन करणारे सराफ मणी निरखतात, कसोटीवर घासतात आणि आतल्या लाखेचं वजन वजा करतात. मंगळसूत्राचे काळे मणी वजा, खडे वजा. उरलेल्या निव्वळ वजनाचा आकडा ऐकून मावशींचा चेहरा बघवत नाही.

म्हणून दागिना हौसेनं घ्यावा, तो खर्चात लिहावा. गुंतवणूक करायची तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता येणारा सोन्याचा फंड, बरा: घडणावळ नाही, चोरीची धास्ती नाही, दरमहा थोडं थोडं घेता येतं. ॲपवर मिळणाऱ्या डिजिटल सोन्यापासून मात्र लांब राहा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं ते आपल्या नियमनाबाहेर असल्याचा इशारा नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलाय.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही उद्या पाटल्या मोडायला निघाल. ईटीएफवर किंवा सोन्याच्या बिस्किटावर आमची बँक सोनेतारण कर्ज देत नाही. दवाखान्याचे पैसे भरायचे असोत की पेरणीला बी घ्यायचं असो, कर्ज मिळतं ते दागिन्यावर, बहुतेकदा त्याच दिवशी. घरात तेवढ्यापुरतं सोनं असेल, तर नवं घेण्याची घाई कशाला?

मुलीच्या लग्नासाठीच हवं असेल, तर तळ शोधत बसू नका, दोन-तीन वर्षांत विभागून घ्या. वळं किंवा नाणं घेऊन ठेवा, घडणावळ एकदाच, मुलीच्या पसंतीच्या दागिन्यावर पडू दे. हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासा आणि पक्की पावती घ्या. "पावती कशाला, तीन टक्के वाचतील," असं दुकानदार म्हणाला, तर दुकान बदला.